रोजचं इंग्रजी, पण दिवस कुणाचा?

उशिरा आलेलं पोर आमच्या वर्गाच्या दारात उभं राहतं आणि एका दमात म्हणतं, 'मेकमीन सर?' मी मान हलवतो, पोर आत येतं. वर्षानुवर्षं हे असंच चालू आहे. एकदा पाचवीतल्या एका मुलाला मी दारातच थांबवलं आणि विचारलं, "या वाक्यात 'कम' म्हणजे काय रे?" तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "सर, कम यानी थोडा."

सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना ते उत्तर डोक्यातून जाईना. उर्दू माध्यमात शिकणाऱ्या मुलाचं ते उत्तर बरोबरच होतं, फक्त भाषा दुसरी होती. चार वर्षं रोज म्हटलेलं वाक्य, आणि त्यातला एकही शब्द त्याचा झाला नव्हता.

बी.एड.ला असताना आम्हाला सांगितलं होतं की वर्गात रोजच्या वापरातली इंग्रजी वाक्यं बोलत राहा, मुलं आपोआप उचलतील. मी ते इमानाने पाळलं. या प्रसंगानंतर मात्र एक प्रयोग केला. एका तासात मी इंग्रजीत काय काय बोलतो, ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहीत गेलो. सिट डाऊन. स्टँड अप. ओपन युवर बुक्स. कीप क्वाएट. डोन्ट टॉक. कम हिअर. संध्याकाळी चिठ्ठी वाचली तेव्हा लाज वाटली. जवळपास सगळे हुकूम होते. मुलांच्या वाट्याला आली होती दोनच वाक्यं: 'येस सर' आणि 'नो सर'.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. परक्या माणसाला रोजच्या वाक्यांतून भाषा शिकवायची, ही कल्पना आली कुठून? आणि 'रोजची' म्हणजे नक्की कुणाच्या रोजची?

गोष्ट बरीच जुनी आहे. १५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये प्रोटेस्टंट लोकांची कत्तल झाली आणि तिची आग फ्रान्सच्या इतर शहरांत पसरली. या फ्रेंच प्रोटेस्टंटांना ह्युगेनो म्हणत. त्यांच्यातले पुष्कळ जण खाडी ओलांडून इंग्लंडला गेले. विणकर, कारागीर, छोटे व्यापारी, त्यांच्या बायका, मुलं. श्रद्धेपायी घर सुटलेली ही माणसं लंडनच्या गल्ल्यांत उतरली तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

त्यांच्यातच झाक बेलो नावाचा एक शिक्षक होता. तोही निर्वासितच. १५८० मध्ये त्याने परक्यांसाठी इंग्रजी शिकवणारं एक पुस्तक काढलं आणि १५८६ मध्ये 'फॅमिलियर डायलॉग्ज' नावाचं दुसरं. हे दुसरं पुस्तक म्हणजे निव्वळ संवाद. ते छापणारा तोमा व्होत्रोलिए हाही ह्युगेनोच होता. प्रस्तावनेत बेलो सांगतो की परक्या देशात राहायचं आणि तिथली भाषा समजत नाही, याचं दुःख काय असतं हे त्याने स्वतः भोगलं आहे.

पुस्तकाची रचना साधी आहे. पानावर तीन रकाने. एकात इंग्रजी, दुसऱ्यात फ्रेंच, आणि तिसऱ्यात इंग्रजी शब्दांचा उच्चार, पण फ्रेंच माणसाला वाचता येईल अशा लिपीवळणात. आपल्या बसस्थानकांवर इंग्रजी शिकवणारी जी स्वस्त पुस्तकं मिळतात, त्यात इंग्रजी वाक्य, त्याचा अर्थ आणि देवनागरीत उच्चार असतो. बेलोच्या तीन रकान्यांचीच ही वंशावळ म्हणायची.

पण मला महत्त्वाचं वाटलं ते रकान्यांच्या आत काय आहे ते. सकाळी उठणं, मुलाला शाळेसाठी तयार करणं, मग बाजार. भाजीवाला, कापडवाला, मासेवाला, खाटीक. भाव विचारणं, घासाघीस करणं. मग घरी पाहुणे, जेवण, आणि जेवताना मायदेशातल्या बातम्यांवर बोलणं. निर्वासिताचा अख्खा दिवस त्या पुस्तकात आहे. राजवाडा नाही, महाकाव्य नाही. उद्या सकाळी ज्याला मासे विकत घ्यायचे आहेत त्याच्या तोंडी द्यायची वाक्यं आहेत. 'रोजचं' या शब्दाचा अर्थ बेलोला कुणी समजावून सांगावा लागला नव्हता, कारण तो रोज त्याचाच होता.

आता दोनशे वर्षं पुढे येऊ आणि आपल्या देशात येऊ. १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज सुरू झालं. कंपनीच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवायच्या होत्या. हिंदुस्तानीचा प्रमुख होता जॉन गिलख्रिस्ट, पेशाने डॉक्टर. त्यानेही संवादांचं पुस्तक केलं. म्हणजे तीच पद्धत, फक्त आरसा उलटा. इथे परका माणूस निर्वासित नव्हता, मालक होता. त्यामुळे त्या संवादांतली वाक्यंही तशीच आहेत. पाणी आण, घोडा तयार कर, हे ने, ते ठेव. नोकरांशी, मुन्शीशी, रस्त्यावरच्या माणसाशी बोलायची, बहुतेक आज्ञार्थी. साहेबाचा रोजचा दिवस हुकुमांचा होता, म्हणून त्याची रोजची भाषाही हुकुमांची झाली.

हे वाचताना मला माझ्या खिशातली चिठ्ठी आठवली.

मात्र फोर्ट विल्यमची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, विशेषतः उर्दू वाचणाऱ्यांना. साहेबांना बोलती भाषा यावी म्हणून याच गिलख्रिस्टने मीर अम्मन यांना सांगितलं की चार दर्वेशांचा किस्सा लोक घरात आणि बाजारात बोलतात तशा जुबानीत लिहा. त्यातून 'बाग-ओ-बहार' तयार झालं. फारसी अलंकारांनी जड झालेल्या गद्याच्या काळात दिल्लीच्या गल्ल्यांतली बोली पुस्तकात आली. ज्याला आपण उर्दू गद्याचा मानबिंदू म्हणतो ते मुळात परक्यांना भाषा शिकवण्यासाठीचं पाठ्यपुस्तक आहे! मराठीचंही तसंच. विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, त्याला नेहमीच्या विषयांवरचे संवाद जोडले होते. म्हणजे आपल्या भाषा शिकताना साहेबाने रोजच्या बोलण्याचा रस्ता धरला.

आणि आपल्याला इंग्रजी शिकवताना? तिथे रस्ता बदलला. १८३५ मध्ये मेकॉलेचा खलिता आला, १८५७ मध्ये मुंबईचं विद्यापीठ आलं, आणि इंग्रजी म्हणजे व्याकरण, भाषांतर आणि मोठमोठ्या लेखकांचे उतारे असं समीकरण पक्कं झालं. मराठी घरांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्या घडवल्या. त्या पिढ्यांचं इंग्रजी व्याकरणात पक्कं असायचं, याबद्दल आदरच आहे. पण त्यांच्यातले अनेक जण सुंदर अर्ज लिहायचे आणि इंग्रजीत बोलायची वेळ आली की घामाघूम व्हायचे.

आपल्या मकतबांतही फारसी अशीच शिकवली जायची. आमदनामा म्हणजे क्रियापदांची रूपं तोंडपाठ. खालिक बारी म्हणजे शब्दांचे अर्थ पद्यातून पाठ. गालिबनेही मुलांसाठी 'कादिरनामा' याच धर्तीवर लिहिलं. पाठांतर आपल्याला नवीन नाही. त्या पाठांतरातून शब्द मिळत. ते शब्द घेऊन बाजारात कसं बोलायचं, हे मात्र ज्याचं त्याला शोधावं लागे.

युरोपातही हाच घोळ होता. फ्रान्स्वा गुआँ नावाचा एक फ्रेंच शिक्षक जर्मन शिकायला हँबुर्गला गेला. त्याने व्याकरण पाठ केलं, अनियमित क्रियापदं पाठ केली, शेवटी अख्खा शब्दकोश पाठ केला. मग व्याख्यानाला जाऊन बसला तर काही कळेना. हरून घरी परतला तेव्हा त्याचा तीन वर्षांचा भाचा मधल्या काळात घडाघडा बोलायला शिकला होता. भाच्याने पिठाची गिरणी पाहिली आणि घरी येऊन पाहिलेलं सगळं क्रमाने सांगू लागला: आधी काय झालं, मग काय झालं. गुआँने त्यातून पद्धत काढली. एक साधं काम घ्यायचं, उदाहरणार्थ दार उघडणं, आणि ते छोट्या छोट्या वाक्यांत, करत करत म्हणायचं. १८८० मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याच सुमाराला बर्लिट्झच्या शाळा निघाल्या, जिथे शिकवताना फक्त नवीच भाषा वापरायची असा दंडक होता. बोलती भाषा पुन्हा वर्गात आली.

आता मी ज्या माणसाकडे येतोय त्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. मायकेल वेस्ट. हा इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. पूर्व बंगालच्या शाळांतली मुलं त्याने जवळून पाहिली. १९२६ मध्ये त्याचा बंगालमधल्या द्वैभाषिकतेवरचा ग्रंथ आला. त्यात त्याने एक शब्द वापरला, तो विम्याच्या धंद्यातला आहे: सरेंडर व्हॅल्यू. विम्याची पॉलिसी मुदतीआधी बंद केली तर हाती जी रक्कम येते ती. वेस्टचं म्हणणं असं की शाळेतली बहुतेक मुलं अभ्यासक्रम पुरा करणार नाहीत, मधेच गळतील. मग तिसऱ्या, पाचव्या, सातव्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय राहतं? पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून आज शिकवलेलं, त्या 'पुढे'पर्यंत न पोहोचणाऱ्याला शून्य.

हे वाचलं तेव्हा मला एक मुलगी आठवली. आठवीनंतर तिची शाळा सुटली. कारण सांगायची गरज नाही, आपल्या वस्त्यांत ते सगळ्यांना माहीत असतं. सहा-सात वर्षांनी ती एका दवाखान्याच्या बाहेर भेटली. कडेवर मूल, हातात औषधाची बाटली आणि कागद. "सर, हे जरा बघा ना, जेवणाआधी द्यायचं की नंतर?" कागदावर इंग्रजीत तीन शब्द होते. माझ्याकडे तिने चार वर्षं इंग्रजी घेतलं होतं. ते तीन शब्द मी तिला कधी शिकवले नव्हते. 'मेकमीन' मात्र तिच्याकडून हजार वेळा म्हणवून घेतलं होतं.

वेस्टचा निष्कर्ष असा होता की अशा मुलांना बोलण्यापेक्षा वाचन आधी द्यावं, कारण वाचन एकट्यालाही पुढे नेता येतं. त्यासाठी त्याने सोप्या, मोजक्या शब्दांची वाचनमाला केली. पुढे १९५३ मध्ये सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी त्याच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. वाचन आधी की बोलणं आधी, या वादात मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. आज मोबाइल आहे, फोनवर बोलावं लागतं, कामासाठी परगावी जावं लागतं. पण त्याचा प्रश्न शंभर वर्षांनीही तसाच उभा आहे. आज शाळा सुटली तर हाती काय?

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे नवी पद्धत आली. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीसाठी केंद्रीय संस्था उभी राहिली, शिक्षकांची प्रशिक्षणं झाली. वाक्यांचे साचे ठरले आणि सोप्याकडून अवघडाकडे जायचं ठरलं. 'धिस इज माय नोज', असं नाकाला बोट लावून वर्गच्या वर्ग म्हणू लागले. साचा पक्का होतो हे खरं. पण स्वतःचं नाक दाखवून 'हे माझं नाक' असं कोणत्या भाषेतला माणूस कुणाला सांगतो?

या साच्यांना कंटाळून पुढे दोन ठिकाणी वेगळा विचार झाला. १९७५ मध्ये युरोप परिषदेसाठी व्हान एक यांनी एक आराखडा केला. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या माणसाला भाषेतून काय काय साधावं लागतं, त्याची ती यादी: माहिती विचारणं, माफी मागणं, नकार देणं, मदत मागणं. म्हणजे फिरून बेलोचाच प्रश्न. दुसरा विचार झाला आपल्याकडे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळुरू आणि तामिळनाडूतल्या साध्या शाळांत प्रयोग केला. रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं आणि विचारायचं, अमुक वाजता पोहोचायचं तर कोणती गाडी धरशील? नकाशा द्यायचा आणि रस्ता शोधायला लावायचा. लगेच इंग्रजीत बोललंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. डोकं कामात गुंतलं की भाषा मागून येते, असा त्यांचा विश्वास होता.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, सर्व माध्यमांच्या शाळांत. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलाच्या डोक्यावर आता घरची बोली, उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मदरशातलं अरबी असा सगळा भार आहे. लोक म्हणतात, बिचाऱ्याने किती शिकायचं? मला वाटतं, त्याला येतंय काय ते आपण नीट पाहिलेलंच नाही.

आपल्या घरातलं तीन वर्षांचं मूल शिंकलं की 'अलहम्दुलिल्लाह' म्हणतं. जेवायला बसताना 'बिस्मिल्लाह', उद्याचं काही बोलताना 'इन्शाअल्लाह', कुणाचं काही छान दिसलं की 'माशाअल्लाह'. अरबीचा एकही नियम त्याला कुणी शिकवलेला नाही, तरी ते सहसा चुकीच्या जागी म्हणत नाही. कारण अम्मी, दादी, मामू सगळे तेच वाक्य खऱ्या प्रसंगी, खऱ्या भावनेने म्हणताना त्याने ऐकलं आहे. परक्या भाषेतलं रोजचं वाक्य कसं रुजतं, याचा याहून चांगला पाठ बी.एड.च्या कुठल्याच पुस्तकात नाही.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. आयुष्यभर ही वाक्यं म्हणूनही आपल्यातल्या बहुतेकांना अरबीचं एक नवं वाक्य रचता येत नाही. 'इन्शाअल्लाह'मध्ये 'इन' म्हणजे 'जर' आणि 'शाअ' म्हणजे 'इच्छिलं', हे कुणी आपल्याला उघडून दाखवलेलं नसतं. बंद डबी आपण आदराने जपतो, तिचं झाकण काढत नाही. 'मेकमीन' ही तशीच एक बंद डबी.

मुलं झाकण कसं काढतात, हे लिली वाँग फिलमोर यांच्या १९७६ मधल्या संशोधनात वाचायला मिळतं. कॅलिफोर्नियातल्या शाळेत स्पॅनिश बोलणारी पाच मुलं इंग्रजी मुलांशी खेळता खेळता काय शिकतात, हे त्यांनी वर्षभर पाहिलं. मुलं आधी अख्खी वाक्यं उचलत, अर्थाचे तुकडे न करता. त्यांच्यातली सर्वांत झपाट्याने शिकलेली मुलगी 'हाऊ डू यू डू दीज' हे एकच वाक्य सगळीकडे चिकटवायची. मग तिने त्याचं शेपूट बदलायला सुरुवात केली, मग मधला भाग, आणि हळूहळू प्रश्न कसा बनतो ते तिच्या हाती आलं. वाक्य पाठ होणं ही सुरुवात होती. ते तोडून पाहायची मुभा आणि गरज तिला खेळात मिळाली.

या सगळ्या वाचनानंतर मी वर्गात दोन-तीन गोष्टी बदलल्या. मोठं काही नाही. मागच्या भिंतीवर चार वाक्यं लावली: 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'प्लीज से इट अगेन', 'व्हॉट डझ धिस मीन?', 'हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?' ही चारही वाक्यं मुलांच्या तोंडची आहेत, माझ्या नाहीत. आणि ती दुसरी वाक्यं मिळवून देतात. शाळा सुटली तरी ज्याला 'याचा अर्थ काय?' असं विचारता येतं, त्याचं शिकणं सुटत नाही. दुसरं म्हणजे घरातून रिकामे पुडे, औषधांची रिकामी खोकी, विजेचं बिल आणायला सांगितलं. त्यावरचे शब्द आम्ही वाचतो. 'आफ्टर फूड' हे तीन महिन्यांपूर्वी फळ्यावर आलं.

तिसरं, 'मे आय'ची डबी उघडली. 'मे आय' फळ्यावर एकीकडे, आणि पुढची जागा रिकामी. पहिला आठवडा वर्ग गप्पच होता. मी घाबरलो, वाटलं फसलं. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि अगदी अदबीने म्हणाला, "मे आय गो होम, सर?" वर्गात हशा पिकला. त्याला घरी काही पाठवलं नाही. पण ते वाक्य कुणी त्याला पाठ करून दिलं नव्हतं. त्याला जे हवं होतं ते त्याने इंग्रजीत मागितलं होतं.

रोजची वाक्यं शिकवू नका, असं मी म्हणत नाही. बेलोपासून आजपर्यंत परक्या भाषेच्या दारात माणूस रोजच्याच वाक्याने उभा राहिला आहे. फक्त ते वाक्य हुकूम ऐकणाऱ्याचं आहे की स्वतःची गरज मांडणाऱ्याचं, ते बघायला हवं. दवाखान्याबाहेर भेटलेल्या त्या मुलीचं देणं माझ्याकडून राहिलं, ते आता फिटणार नाही. पुढच्या मुलींचं राहू नये, एवढं करता येईल.

शाळेत भेटणारे पालक मला विचारतात, घरी आम्हाला इंग्रजी येत नाही, मग मुलाला मदत कशी करायची? त्यांना मी हल्ली एकच गोष्ट सांगतो, तुम्हालाही सांगतो. संध्याकाळी मूल घरी आलं की आज काय शिकवलं, असं विचारू नका. विचारा, आज तू इंग्रजीत काय विचारलंस?